सत्तर तास आणि शंभर शेअर

पाच दिवस धरले तर रोजचे चौदा तास. सहा दिवस धरले तर अकरा तास चाळीस मिनिटं. सातही दिवस धरले तर दहा. भाचीनं हा हिशेब एका लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे मांडला, रेघ मारली आणि रेघेखाली लिहिलं : कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन अडीच तास. मग पाकीट तिच्या आजोबांपुढं, म्हणजे माझ्या वडिलांपुढं, आप्पांपुढं सरकवलं.

2023ची दिवाळी. दोनच आठवड्यांपूर्वी इन्फोसिसच्या नारायण मूर्तींची ती मुलाखत आली होती. देशातल्या तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करायला हवं, दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांनी आणि जपान्यांनी असंच केलं, असं ते म्हणाले होते. समोर बसले होते मोहनदास पै, इन्फोसिसचेच एके काळचे वित्तप्रमुख. त्या वर्षी आमच्याकडच्या फराळात चिवडा-चकलीइतकाच हा विषय होता. पुण्यात तो नसेल असं घर शोधावं लागलं असतं, कारण इथं दर दोन-चार घरांमागे कुणीतरी हिंजवडीला, खराडीला किंवा मगरपट्ट्यात आयटीत कामाला जातं.

आप्पांनी पाकीट वाचलं, काही बोलले नाहीत, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मूर्तींबद्दल वाकडा शब्द त्यांना खपत नाही. हे मला पहिल्यापासून गमतीचं वाटत आलंय, कारण आप्पा राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून होते आणि युनियनचे कट्टर कार्यकर्ते. बँकेत कॉम्प्युटर आणायला विरोध म्हणून ते मोर्च्यात चालले आहेत. 1983च्या सप्टेंबरात बँकांच्या युनियन आणि व्यवस्थापनात यंत्रांबद्दल करार झाला, त्यानंतर शाखाशाखांत एएलपीएम नावाची लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. त्या यंत्राला आप्पा बरीच वर्षं ‘तो डबा’ म्हणायचे. याच माणसानं 1993च्या फेब्रुवारीत इन्फोसिसच्या शेअर विक्रीचा फॉर्म भरला. शंभर शेअर, पंच्याण्णव रुपयांना एक. साडेनऊ हजार म्हणजे त्यांचा दीड-दोन महिन्यांचा पगार.

का भरलात, असं मी त्यांना पुढं कधीतरी विचारलं होतं. म्हणाले, “ताळेबंद वाचला. स्वच्छ होता.” जन्मभर दुसऱ्यांचे आकडे तपासलेल्या माणसाच्या तोंडी यापेक्षा मोठी स्तुती नसते.

तो इश्यू पूर्ण भरला नव्हता, हे आज कुणाला खरं वाटत नाही. लोकांनी पाठ फिरवली तेव्हा मॉर्गन स्टॅन्लेनं तेरा टक्के हिस्सा उचलून तो तारला. जूनमध्ये बाजारात नोंदणी झाली ती 145 रुपयांना. पुढं 1994, 1997 आणि 1999 अशा तीनदा एकास एक बोनस, 2000मध्ये शेअरची विभागणी, 2004मध्ये एकास तीन, मग 2006, 2014, 2015 आणि 2018मध्ये पुन्हा एकास एक. हा गुणाकार कागदावर करून पाहण्यासारखा आहे. शंभराचे होतात 1,02,400. दीड हजारांचा भाव धरला तर पंधरा कोटींच्या पुढं.

आप्पांचे झाले नाहीत. पहिल्या बोनसनंतरचे दोनशे शेअर त्यांनी 1996मध्ये ताईच्या लग्नासाठी विकले. कार्यालयाचं भाडं आणि जेवणावळी त्यातून निघाल्या. ताई म्हणजे या भाचीची आई. तेव्हा मूर्ती आमच्या घराण्याच्या उपयोगी पडले आहेत, यात शंका नाही.

*

मूर्तींच्या वारशाबद्दल वाद घालणारे बहुतेक लोक 2023पासून सुरुवात करतात. मला 1974पासून करावीशी वाटते, कारण त्यांच्या सगळ्या बोलण्याचं मूळ तिथं आहे असं ते स्वतःच सांगत आले आहेत. सिद्लघट्ट्याचा शाळामास्तरांचा मुलगा, म्हैसूरला इंजिनिअर, आयआयटी कानपूरला पुढचं शिक्षण, मग पॅरिसमध्ये विमानतळाच्या मालवाहतुकीसाठीच्या संगणकप्रणालीचं काम. विचारानं डावा. परतीचा प्रवास त्यानं मिळेल त्या वाहनानं सुरू केला आणि तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, निश गावाजवळ, रेल्वेत एका मुलीशी फ्रेंचमध्ये केलेल्या बोलण्याच्या संशयावरून पोलिसांनी त्याला उचललं. 72 तास कोंडून ठेवलं, अन्नपाणी नाही. मग मित्रदेशाचा नागरिक म्हणून सोडलं आणि मालगाडीच्या गार्डाच्या डब्यातून इस्तंबूलकडं रवाना केलं. आपल्यातला डावा तिथं संपला, असं मूर्ती सांगतात. गरिबी वाटून संपत नाही, आधी संपत्ती निर्माण करावी लागते आणि मग ती सोबत्यांत वाटावी लागते, हा धडा ते त्या कोठडीतून घेऊन आले. या वाक्याचे दोन भाग आहेत. लेखाचा सगळा खटाटोप त्या दुसऱ्या भागासाठी आहे.

कंपनी 1981मध्ये पुण्यात सुरू झाली. पाटणी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेले सात जण, भांडवल दहा हजार, तेही मूर्तींच्या पत्नी सुधाताईंच्या शिल्लकेतलं. बंगळूरला मुक्काम हलला तो नंतर, 1983मध्ये. पुणेकर हे दर दोन वाक्यांनी सांगतात, मीही सांगितलं. मात्र मूर्तींनी भारतात सॉफ्टवेअरचा धंदा सुरू केला असं जे सर्रास म्हटलं जातं ते खरं नाही. टाटा कन्सल्टन्सी 1968पासून होती आणि ती उभी करणारे फकीरचंद कोहली हे या धंद्याचे खरे वडीलधारे. ते 2020मध्ये गेले तेव्हा किती जणांना नाव आठवलं? कोहलींनी तरुणांना तास मोजून दाखवले नाहीत, म्हणून कदाचित.

मूर्तींनी वेगळं काय केलं, याचं उत्तर 1990च्या दशकात आहे. त्याआधीची दहा वर्षं रखडपट्टीची. टेलिफोनसाठी वर्ष, परदेशातून कॉम्प्युटर आणायचा तर परवान्यासाठी दिल्लीच्या फेऱ्या. अमेरिकेतली भागीदारी मोडली, सातातला एक बाहेर पडला, आणि 1990मध्ये उरलेल्यांपुढं कंपनी दहा लाख डॉलरला विकून टाकण्याचा विषय आला. मूर्ती म्हणाले, विका, मीच तुमचे हिस्से घेतो. मग कुणीच विकले नाहीत. 1995मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं दर पाडायला सुरुवात केली तेव्हा कंपनीच्या उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा त्या एका गिऱ्हाइकाकडून येत होता. मूर्तींनी ते गिऱ्हाईक सोडलं. 1999च्या मार्चमध्ये नॅस्डॅकवर नोंदवलेली भारतातली पहिली कंपनी. लाच न देता, आकडे न लपवता, मध्यमवर्गीय मास्तराच्या पोराला धंदा करता येतो हे लोकांना दिसलं. आमच्या आप्पांना ताळेबंदात दिसलं ते हेच.

पण माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट 1994ची. त्या वर्षी इन्फोसिसनं नोकरांना शेअर द्यायला सुरुवात केली. भारतात हे तेव्हा जवळजवळ कुणी करत नव्हतं. ‘इसॉप’ हा शब्द इथल्या मध्यमवर्गानं शिकला तो त्या काळात, नाहीतर इसाप म्हणजे आम्हाला फक्त कोल्हा आणि द्राक्षं. इंजिनिअरांना तर मिळालेच. ड्रायव्हर, शिपाई, इलेक्ट्रिशियन यांच्याही हाती शेअर आले आणि 2000च्या तेजीत त्यातले कितीतरी जण लखपती-कोट्यधीश झाले. त्या वर्षांतले लोक रात्र-रात्र बसत होते, हे खरंच आहे. मूर्ती स्वतः सकाळी साडेसहाला कचेरीत हजर असत आणि रात्री साडेआठपर्यंत हलत नसत, आठवड्याचे साडेसहा दिवस. पण रात्री अकराला कोड तपासणाऱ्या पोराला ठाऊक होतं की या अकरातला थोडासा भाग आपल्याही नावावर जमा होतोय. सत्तर तासांच्या दुसऱ्या बाजूला शेअर होते. लेजरमध्ये नावे असतं तसं जमाही असतं, आप्पांच्या भाषेत.

इन्फोसिसनं ते शेअर देणं 2003च्या सुमारास थांबवलं. बऱ्याच वर्षांनी, वेगळ्या रूपात आणि निवडक लोकांसाठी, ते परत आलं.

*

एका मंगळवारी सकाळी मी भाचीबरोबर तिच्या कंपनीच्या बसनं नाही, तिच्या स्कूटरवर मागे बसून हिंजवडीला गेले. (बस सव्वासातला असते; चुकली की स्कूटर.) वाकडच्या पुलाखाली आम्ही बावीस मिनिटं उभ्या होतो. डाव्या हाताच्या कॅबमध्ये मागच्या सीटवर एक मुलगा मांडीवर लॅपटॉप उघडून बसला होता, कानात हेडफोन, तोंडानं “येस, येस, आय अ‍ॅम ऑन इट.” भूमकर चौक, मग शिवाजी चौक, वर मेट्रोचे खांब. जिथं ऊस उभा होता तिथं काचेचे डोंगर झाले. फेज एक, फेज दोन, फेज तीन.

तासांबद्दल तिनं मला जे समजावलं ते मला कुठल्याच चर्चेत ऐकायला मिळालं नव्हतं. रोज टाइमशीट भरायची असते. काम बारा तास झालं तरी शीटमध्ये नऊच भरायचे, असा तिथला न लिहिलेला नियम. प्रोजेक्ट ठरलेल्या रकमेचा असला की जादा तास दाखवले तर अंदाज चुकला असं होतं, आणि अंदाज चुकला की मॅनेजर विचारणार, तुला वेळ का लागतो? मग वरचे तीन तास जातात कुठं? कुठंच नाही. गिऱ्हाइकाच्या बिलात नाहीत, पगारात नाहीत. बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसायची पाळी आली तर मागचं पुण्य कामाला येत नाही. अप्रेझलला बेल कर्व्ह असतो, त्यात दरवर्षी कुणीतरी खाली बसवायचाच असतो.

ती ज्या कंपनीत आहे तिचं नाव इथं नको, आणि हे एका कंपनीपुरतं नाहीही. नव्या मुलांचा पगार हा तर उघड विषय आहे. 2008-09च्या आसपास मोठ्या आयटी कंपन्या कॉलेजातून उचललेल्या मुलांना वर्षाला सव्वातीन लाखांच्या घरात देत. आज तोच आकडा साडेतीन लाखांच्या आगेमागे घुटमळतोय आणि दरम्यान महागाई दुपटीच्या वर गेलीय. मोठ्या कंपन्या आपसांत समजून-उमजून नव्यांचे पगार दाबून ठेवतात, असा आरोप जाहीरपणे करणाऱ्यांमध्ये एक नाव आहे मोहनदास पै यांचं. सत्तर तासांच्या मुलाखतीत प्रश्न विचारणारे तेच. त्या दिवशी हा प्रश्न विचारला असता तर मुलाखत कायमची लक्षात राहिली असती. तशीही राहिली म्हणा.

मूर्तींच्या बाजूनं सांगायचं तर आजच्या पगारांना ते थेट जबाबदार नाहीत. कारभार त्यांनी कधीच सोडला. 2025च्या फेब्रुवारीत म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून तीनशेहून अधिक नवशिक्यांना परीक्षा पास झाले नाहीत म्हणून काढलं गेलं, त्यातले कित्येक जण ऑफर हातात घेऊन दोन-दोन वर्षं वाट पाहून आलेले होते. तेव्हाही मूर्ती त्या खुर्चीत नव्हते. मात्र खुर्ची सोडणं त्यांना कधी नीट जमलं नाही, हेही तितकंच खरं. संस्थापकांच्या मुलांनी कंपनीत यायचं नाही हा त्यांचाच नियम. 2013मध्ये ते परत आले तेव्हा मुलाला सहायक म्हणून बरोबर घेऊन आले, दोघांचाही पगार एक रुपया. त्या वर्षभरात वरच्या फळीतले कितीतरी जण निघून गेले. मग मुख्याधिकारी म्हणून विशाल सिक्का आले. मूर्तींनी त्यांच्या काळातल्या व्यवहारांवर, दुसऱ्या एका माजी वित्तप्रमुखाला दिलेल्या निरोपाच्या रकमेवर जाहीर प्रश्न उभे केले, आणि 2017च्या ऑगस्टमध्ये सिक्का गेले तेव्हा संचालक मंडळानं दोष उघडपणे मूर्तींवर ठेवला. सहसंस्थापक नंदन निलेकणी परतले, चौकशीत गैर काही निघालं नाही, प्रकरण मिटलं. घर मुलांच्या नावावर करून देणारे आणि मग रोज येऊन कुंडी कुठं ठेवलीय ते बघणारे वडील आपण सगळ्यांनी पाहिलेत. प्रश्न रास्त असतात, वेळ चुकलेली असते.

*

जर्मनीचा दाखला मात्र तपासून घ्यायला हवा, कारण मूर्तींचा सगळा भार त्यावर आहे.

युद्धानंतर जर्मन लोक खूप राबले, याबद्दल वाद नाही. आठवड्याला 48 तास ही तेव्हाची रीत. पण 1951मध्येच, म्हणजे शहरांतले ढिगारे पुरते उचललेही नव्हते तेव्हा, कोळसा आणि पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळांवर निम्म्या जागा कामगारांना देणारा कायदा तिथं झाला. 1956च्या मे दिनाला तिथल्या कामगार महासंघानं पाच दिवसांच्या, चाळीस तासांच्या आठवड्याची मोहीम काढली. भित्तिपत्रकावर एक लहान मुलगा सांगतोय, शनिवारी बाबा माझे. देश उभा राहत होता त्याच वर्षांत माणसं शनिवार मागत होती, आणि पुढं त्यांना तो मिळाला. आज तिथं माणशी वर्षाला सरासरी साधारण 1,340 तास काम होतं. सत्तराच्या हिशेबानं आपले होतात तीन हजारांच्या वर. जपानचं थोडक्यात सांगायचं तर अतिकामानं येणाऱ्या मरणाला त्यांच्या भाषेत वेगळा शब्द बनवावा लागला, करोशी. 2019पासून जादा कामावर तिथं कायद्यानं मर्यादा आली.

आणि जर्मनीपर्यंत तरी कशाला जायचं? 1884च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज दिला. मागण्या अशा : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. साडेसहा ते सूर्यास्त ही त्या माणसांनी मागितलेली सवलत होती, तीही पदरात पाडायला सह्या गोळा कराव्या लागल्या. रविवार मिळाला तो 10 जून 1890ला. मूर्तींच्या साडेसहा ते साडेआठची बातमी वाचताना मला सारखा हा अर्ज आठवत होता. फरक एवढाच की मूर्ती आपल्या मालकीच्या गिरणीत जात होते.

2025च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं दुकानं आणि आस्थापनांमधली कामाची रोजची मर्यादा नऊवरून दहा तास करायला मंजुरी दिली. भाचीनं ती बातमी मला पाठवली, सोबत काही लिहिलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी पुरुषांच्या चर्चेत येत नाही. मूर्ती साडेसहाला कचेरीत पोचत तेव्हा मुलीचा डबा, मुलाचा ताप, आल्यागेल्याचा चहा कोण बघत होतं? सुधाताई स्वतः टेल्कोत इंजिनिअर होत्या, पुण्याच्या कारखान्यात. कंपनी काढताना दोघांपैकी एकानंच तिच्यात राहायचं असं मूर्तींनी ठरवलं, आणि ‘एक’ कोण हा प्रश्नच आला नाही. आपल्यापेक्षा ती अधिक पात्र असताना तिला बाहेर ठेवणं हा चुकीचा आदर्शवाद होता, असं त्यांनी पुढं जाहीरपणे मान्य केलं. त्याबद्दल त्यांचं कौतुकच. फक्त तेव्हा सत्तराच्या हिशेबात घरचे तासही धरायला हवे होते. भाचीच्या घरी तो ‘दुसरा’ कुणीच नाही. ती आणि तिची मैत्रीण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, रात्री दहाला कुकर लावतात.

2024च्या मार्चमध्ये बातमी आली की मूर्तींनी चार महिन्यांच्या नातवाला पंधरा लाख शेअर दिले, तेव्हाच्या भावानं सुमारे 240 कोटींचे. लोक चिडले. मला चिडण्यासारखं काही दिसलं नाही. स्वतःचं कमावलेलं आजोबा नातवाला देणार नाही तर कुणाला? पण संपत्ती कशानं होते हे मूर्तींना पक्कं ठाऊक आहे, एवढं त्यातून समजतं. नातवासाठी त्यांनी शेअर निवडले. तास आम्हाला सांगितले.

पुढं त्यांचा सूर कधी चढला, कधी उतरला. 1986मध्ये देश सहा दिवसांच्या आठवड्यावरून पाच दिवसांवर आला याचं आपल्याला वाईट वाटतं आणि हे मत आपल्याबरोबरच जाईल, असं ते 2024च्या नोव्हेंबरात म्हणाले. दोन महिन्यांनी मुंबईत म्हणाले की असं करा असं कुणी कुणाला सांगू शकत नाही, ज्यानं त्यानं आपल्याशी विचार करावा. हे दुसरं वाक्य फार जणांनी वाचलं नाही.

*

त्याच दिवाळीत, भाऊबीजेला सगळे पुन्हा जमलो तेव्हा आप्पांनी खिशातून ते पाकीट काढलं. चष्मा लावला. भाचीला म्हणाले, “तुला ओव्हरटाइम काय दरानं मिळतो?”

“मिळत नाही, आजोबा.”

“म्हणजे? क्लोजिंगलासुद्धा नाही?” तीस जून आणि एकतीस डिसेंबरला बँका सहामाही हिशेब बंद करायच्या तेव्हा आप्पा पहाटे घरी यायचे. ओव्हरटाइम मिळायचा आणि शाखेत उसळ-पाव. त्या पैशातून आमच्या घरी पहिला मिक्सर आला होता.

“आमचं रोजच क्लोजिंग असतं.”

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, “बरं, शेअर तरी देतात का गं?”

“टी-शर्ट देतात. वर्षाला दोन.”

ताई हसली, मी हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी टीपॉयवरचं पेन घेतलं आणि पाकिटावर खालच्या बाजूला आकडे मांडायला सुरुवात केली. चौदा गुणिले पाच, सत्तर. अडीच गुणिले पाच, साडेबारा. हातचे न चुकवता बेरीज केली, पुन्हा वरून खाली तपासली. 82½ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि लेजरचं पान तपासून झालं की करायचे तशी कोपऱ्यात छोटी सही केली.